मिठावरचा गोळा

या, असे जवळ सरका. मागे बसलात तर निम्मं ऐकाल आणि निम्मं मनानंच जोडाल. गोष्ट लहान आहे, पण नीट ऐका.

मी घड्याळं दुरुस्त करतो, घरातच, पुढच्या खोलीत. आम्ही दोघंच राहतो, मी आणि माझी थोरली बहीण, आक्का. आजारपणानं तिच्या पायांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे. नळाचं जड, क्षारांचं पाणी लागलं की ती तडकते, रक्त येतं. म्हणून न्हाणीघराबाहेर पाणी मऊ करणारं यंत्र बसवलं. शेजारच्या टाकीत मीठ आहे तोवर पाणी मऊ. मीठ संपलं की पुन्हा जडच्या जड. मागे एकदा ते संपलेलं माझ्या ध्यानातच आलं नाही. आक्काची जखम चिघळली, अकरा दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर पायाची खात्री मी देणार नाही."

झालं! मी दिवसातून दहादा टाकीचं झाकण उघडून बघायला लागलो.

"अरे, मीठ आहे ते. दूध नव्हे उतू जायला," आक्का म्हणायची.

शेवटी घड्याळजीची अक्कल लढवली. दोऱ्याला शिशाचा गोळा बांधून मिठावर ठेवला. मीठ उतरलं की गोळा खाली जाणार, दोरा ताणला जाणार, पितळेच्या दोन पट्ट्या भिडणार आणि दाराची जुनी घंटा वाजणार. हातानं मीठ उकरून पाहिलं, तर घंटा अशी खणखणली की आक्कानं हातच जोडले.

"देव पावला! आता झाकणाला हात लावलास तर बघ. भरवसा नसेल तर बांधलीस कशाला?"

मी शब्द दिला, आणि पाळलाही. घंटा गप्प, म्हणजे मीठ आहे. पण ती गप्प घंटाच मला खाऊ लागली. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि कान मात्र न्हाणीघराकडे. पाच आठवडे झाले. मीठ इतकं पुरतं का? विचारायची सोय नव्हती. आक्का म्हणाली असती, "लागलं तुझं सुरू!"

एका सकाळी यंत्राच्याच नळावर हाताचं तेल धुवायला बसलो. साबण चोळला, फेस येईना. पुन्हा चोळला. हाताला नुसता पांढरट चिकटा, जड पाण्याचा. आणि आत, न्हाणीघरात, पाणी पडत होतं.

"आक्का, पाणी बंद कर!"

"का? घंटा कुठं वाजलीय?"

"आधी बंद कर, तुला देवाची शपथ!"

पाणी थांबलं. मी झाकण उघडलं. मीठ जिथल्या तिथं, आणि त्यावर गोळा जावईबापूंसारखा आरामात बसलेला. केरसुणीचा दांडा खुपसला. वरचा थर कडकन फुटला आणि खाली हातभर पोकळी. दमट मिठानं वर साय धरली होती, त्या सायीवर माझी सगळी हुशारी बसली होती. गोळा कोसळला. आता कुठं घंटा वाजली, आणि वाजतच राहिली.

"आली बाई जाग," आक्का आतून म्हणाली. मग हळूच, "एक पाय भिजला रे."

पिण्याचं, क्षार काढलेलं पाणी ओतून पाय धुतला, मलम लावलं. दिवसभर मी समोर बसून देवाचं नाव घेत होतो. ओठांवर नाव, डोळे तिच्या घोट्यावर. संध्याकाळी दोन लाल रेघा उठल्या. रक्त आलं नाही. तिसऱ्या दिवशी रेघा फिकटल्या, तेव्हा मला घास गिळवला.

घंटा अजून आहे. पण आता रोज मी आधी दांडा घालून मीठ हलवतो, साबणाचा फेस आक्काला दाखवतो, मगच ती आत जाते. तरी पाण्याखाली पाय धरण्याआधी थांबतेच. दाराबाहेरून मला ते थांबणं ऐकू येतं.

उद्या आंघोळीचं पहिलं पाणी अंगावर घ्याल ना, तेव्हा माझ्या आक्काची आठवण काढा. तिच्या पायांसाठी एकदा देवाचं नाव घ्या.