माझ्या अंगावरची हिरवी रेघ

मी एक जुना मॉनिटर आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की माणसांचे गोडवे गाऊ लागतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी बरीच वर्षे माणसांची तोंडे अगदी समोरून, वीतभर अंतरावरून पाहिली आहेत. एक चेहरा सोडला तर बाकीच्यांबद्दल माझे मत काही फारसे बरे नाही.

माझा जन्म एका लांबलचक, लख्ख उजेडाच्या कारखान्यात झाला. तोंडाला फडके बांधलेल्या एका बाईने मला प्रथम पेटवले. तिने माझ्यावर लाल, हिरवा, निळा आणि पांढरा असे सगळे रंग एकामागून एक आणले, मान तिरकी करून चारही कोपरे न्याहाळले आणि मगच माझ्या पाठीवर ‘तपासले’ असा शिक्का मारला. आधी तपासून मग शिक्का मारणारी ती बाई मला तेव्हा अगदी साधी वाटली. पुढे ज्या ठिकाणी मी जन्म काढला, तिथे ही रीत उलटी होती.

मला एका सरकारी कचेरीत आणले गेले. ती गुप्त माहिती गोळा करणारी कचेरी होती. इमारतीवर पाटी नव्हती, खिडक्यांना काळ्या काचा होत्या आणि आत काय चालते ते कोणाला कळू नये म्हणून दारावर दोन पहारेकरी होते. समोरचा चहावाला मात्र गिऱ्हाइकांना खुशाल पत्ता सांगायचा, “त्या गुप्त ऑफिसच्या अलीकडे डावीकडे वळा.”

मला वाटले होते, आता आपल्यावर मोठमोठी रहस्ये उमटणार. कसचे काय! मला बाहेरच्या खोलीत ठेवले. आतल्या खोलीला पोलादी दार होते आणि तिथले संगणक कोणत्याही बाहेरच्या तारेला जोडलेले नव्हते. आमच्या खोलीत फक्त उघडी माहिती पाहायची. वर्तमानपत्रे, लोकांनी हौसेने टाकलेले फोटो, व्हिडिओ, नकाशे, उपग्रहाची विकत मिळणारी चित्रे, जहाजांची वेळापत्रके. जे कोणालाही दिसते तेच, पण नीट बघायचे. हे नीट बघण्याचे काम ज्या मुलीकडे होते तिला शिपाई ‘ताई’ म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताई माझ्यासमोर चष्मा नाकावर सरकवून बसायची आणि एकेका चित्रात बोट घालून उसवावे तशी बघायची. सावली कोणीकडे पडली आहे, दुकानाच्या पाटीवर रंग कोणता आहे, मागच्या टेकडीला उंचवटे किती आहेत. एकदा जळत्या पुलाचा एक फोटो सगळीकडे फिरला आणि इमारतीत धावपळ उडाली. ताईने तोच फोटो फार जुन्या एका बातमीत शोधून काढला. पूल आपला जागच्या जागी उभा होता. आमचे मोठे साहेब माझ्यासमोर येऊन वाकले, “हं” म्हणाले आणि चहा अजून का आला नाही ते विचारायला निघून गेले.

आतल्या खोलीतले लोक आमच्या खोलीला ‘रद्दीवाले’ म्हणत. त्यांच्यात एक गृहस्थ होते, त्यांचे टोपणनाव शिक्केराव. त्यांच्या खिशात ‘गोपनीय’ आणि ‘अतिगोपनीय’ असे दोन शिक्के असत आणि ते दुसऱ्याच्या कागदावर मारताना त्यांच्या चेहऱ्यावर असे काही समाधान पसरे की जणू मजकूरही त्यांनीच लिहिला आहे. साहेबांची समजूतही तीच होती. शिक्का असला की खरे, नसला की गप्पा. माणसाने आपली अक्कल रबराच्या एका तुकड्याकडे गहाण टाकावी, याची मला शिसारी येई.

ताईच्या घरचेही काही वेगळे नव्हते. मोबाइल फाटकावर ठेवावा लागे, म्हणून नातेवाईक टेबलावरच्या फोनवर उगवत. तिच्या मावशीला वाटे की ताई दिवसभर नेटवर टाइमपास करते आणि सरकार तिला त्याचा पगार देते.

एकदा मावशीने कोणाच्या तरी मुलाच्या स्थळाबद्दल फोन केला. “अगं, त्या मुलाची आधीची सोयरीक म्हणे व्यसनापायी मोडली. मला तिघींनी सांगितलं!”

“त्या तिघींना कोणी सांगितलं?” ताईने विचारले.

“दोघींना… पहिलीनंच.”

“आणि पहिलीला?”

“तिला मी म्हटलं होतं, पण नुसता अंदाज म्हणून!”

ताई खळखळून हसली. “म्हणजे मावशी, तुझाच अंदाज तुझ्याकडे तिघींना घेऊन परत आला.” मित्रांनो, एवढीशी गोष्ट मावशीच्या लगेच ध्यानात आली. ही आठवण जवळ ठेवा, पुढे ती लागणार आहे.

आता माझ्या रेघेविषयी सांगतो. साहेबांना बोलताना पेनाचे टोपण माझ्या काचेवर ठकठक आपटायची खोड होती. “हे काय आहे? आणि हे?” ठक, ठक. ताई दर वेळी म्हणायची, “सर, काच नाजूक आहे.” एके दिवशी त्या ठकठकीने माझ्यात काहीतरी तुटले आणि डोक्यापासून पायापर्यंत एक बारीक हिरवी रेघ उमटली. मी काहीही दाखवले तरी ती तिथेच, उजव्या बाजूला, उभी. साहेब म्हणाले, “खराब माल पाठवतात हल्ली.” आणि पेन खिशात घालून गेले. मला खूप वाईट वाटले. ताईने मऊ फडक्याने मला पुसले, पण ती रेघ पुसून जाणारी नव्हती. तिने नव्या मॉनिटरसाठी अर्जही केला नाही. म्हणाली, “असू दे. रेघेमागचंही दिसतंय मला.”

आमच्याकडे आणखी एक मौज होती. बाहेरच्या संगणकावरून आतल्या संगणकावर काही न्यायला सक्त मनाई होती. पेन ड्राइव्ह दिसला तर नोकरी जाईल, अशी पाटीच होती. मग आतल्यांना आमचे चित्र हवे असले तर ते काय करत? कचेरीचा कॅमेरा घेऊन येत, माझा फोटो काढत आणि कॅमेऱ्यातले कार्ड आतल्या संगणकात घालत. कार्डाचे नाव नियमात लिहायचे राहून गेले होते. इतक्या शहाण्या माणसांत इतकी वर्षे मी राहिलो, तरी वेडा झालो नाही, याचे मला अजून नवल वाटते.

एक दिवस ताईला उपग्रहाच्या चित्रात एका गावाबाहेरचे आवार दिसले. ताडपत्रीखाली लांबट नळकांडी रचलेली होती. तिने टिपण लिहिले. ‘ही नळकांडी तोफगोळे असू शकतात, तशीच दुसरी काहीही असू शकतात. आणखी शोध घेत आहे. तोवर यावर काही ठरवू नये.’ शिक्केराव कॅमेरा घेऊन आले, माझा फोटो काढला आणि टिपण उचलून आत गेले.

ताई शोध घेत राहिली. तिने त्या गावातल्या लोकांनी टाकलेले व्हिडिओ एकेक करून माझ्यावर लावले. आणि एका दुपारी तेच आवार जमिनीवरून दिसले. तोच वाकडा जिना, तीच निळी ताडपत्री. एक शाळकरी मुलगी कॅमेऱ्याकडे बघून ठसक्यात सांगत होती, “हे माझे बाबा. आग विझवायची नळकांडी भरून देतात. आम्ही वरच राहतो.” मागे तिची आजी नळकांड्यांवर टॉवेल वाळत घालत होती. बाबांनी एक नळकांडे उघडून दाखवले आणि पांढऱ्या भुकटीने त्यांचीच मिशी माखली. मुलगी पोट धरून हसली. माझ्यासमोर ताईही हसली आणि तिने ताबडतोब साहेबांना बोलावले.

साहेब आले ते आधीच खुशीत होते. त्यांच्या हातात एक कागद होता. मागे शिक्केराव होते.

“सर, ते आवार. तिथे गोळे नाहीत. माणसं राहतात,” ताई म्हणाली.

“उशीर झाला, मॅडम,” साहेब हसून म्हणाले. “उद्या पहाटे सशस्त्र तुकडी आत शिरते आहे. हालचाल दिसली की गोळी, असा हुकूम आहे.”

ताईचा चेहरा माझ्या उजेडात पांढराफटक पडला. तिने व्हिडिओ लावला. ती मुलगी पुन्हा हसली, आजीने पुन्हा टॉवेल झटकला. साहेबांनी तो अर्धाही पाहिला नाही.

“व्हिडिओ काय, कोणीही टाकतं. हा गोपनीय आहे का?”

“नाही सर, सगळ्यांसाठी उघडा आहे. म्हणून तर—”

“आमच्याकडे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून खात्री झालेली आहे. एक शिक्केरावांची माहिती, दुसरी शेजारच्या खात्याची. त्यांनी तर फोटोही पाठवलाय.” साहेबांनी हातातला कागद तिच्यापुढे धरला. “ही हिरवी रेघ बघा. साध्या फोटोत येते का अशी? विशेष कॅमेऱ्याची खूण आहे ही!”

शिक्केरावांनी गंभीरपणे मान डोलावली.

मित्रांनो, ती रेघ माझी होती! मी तिला कुठेही ओळखले असते. शेजारच्या खात्याकडे मीच गेलो होतो आणि मीच परत आलो होतो. मला हात असते तर मी कपाळावर मारून घेतले असते. तोंड असते तर त्या दोघांना असे काही सुनावले असते की पहारेकऱ्यांनी कान झाकले असते. पण मी पडलो मॉनिटर. जे समोर आणाल तेवढेच दाखवणार.

ताईने कागद हातात घेतला. एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग तिने उपग्रहाचे तेच चित्र माझ्यावर उघडले आणि कागद माझ्या शेजारी धरला. दोन्हीकडे रेघ त्याच नळकांड्याला कापत होती.

“आता बघा सर.” तिने माउसने चित्र डावीकडे ओढले. आवार सरकले, जिना सरकला, ताडपत्री सरकली. रेघ जागची हलली नाही. मग तिने सगळेच बंद केले. माझ्या मोकळ्या काळ्या अंगावर ती एकटी हिरवी रेघ उभी होती.

“शिक्केराव,” ताई हळू आवाजात म्हणाली, “माझ्या टिपणात ‘असू शकतात’ होतं. ते कुठे गेलं?”

शिक्केराव जमिनीकडे बघत म्हणाले, “गोपनीय कागदात असं मोघम बरं दिसत नाही. म्हणून मी ‘आहेत’ केलं. नेहमीसारखं शेजारच्या खात्याला पाठवलं. त्यांनी त्यांचा शिक्का मारून…”

“आपल्यालाच परत पाठवलं,” ताई म्हणाली. “सर, दोन ठिकाणं नाहीत. एकच आहे. माझं हे टेबल. आणि मी तर नक्की नाही असं लिहिलं होतं. वर ती मुलगी झोपलेली असेल उद्या पहाटे.” ती साहेबांच्या वाटेतून बाजूला झाली नाही. “फोन करा, सर. इथूनच करा.”

साहेबांना घाम फुटला होता. त्या मुलीसाठी फुटला असता तर मी त्यांना माफ केले असते, पण ते आधी पुटपुटले, “वर कळलं तर माझं काय होईल!” मग त्यांनी टेबलावरचा फोन उचलला. “तांत्रिक कारणामुळे मोहीम रद्द,” एवढेच ते म्हणाले. पलीकडून होकार येईपर्यंत ताई फोनकडे बघत उभीच राहिली. होकार आला तेव्हा ती खुर्चीत बसली आणि चष्मा काढून रडली.

पुढे चौकशी झाली. समिती आली, माझ्याभोवती फिरली, मला मागून-पुढून पाहून गेली. मला वाटले, आता तरी कोणीतरी विचारेल की ‘असू शकतात’चे ‘आहेत’ का होते, आणि परत आलेल्या कागदाचे मूळ कोणी का शोधत नाही. समितीने निष्कर्ष काढला. दोष सापडला, मॉनिटर खराब होता. सगळ्या खोल्यांना नवे मॉनिटर द्यावेत. शिक्केरावांना नवा शिक्का मिळाला.

ज्या रेघेमुळे एक घर वाचले त्याच रेघेपायी मला हाकलले. मी आता ताईच्या खोलीमागच्या अडगळीत आहे, मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत. कोणी धूळही पुसत नाही. खुर्च्यांमुळे दार पुरते लागत नाही, म्हणून फटीतून मला ताईचे टेबल दिसते. तिथे माझा वारस बसला आहे, मोठा, चकचकीत, निष्कलंक. परवा साहेब त्याच्यासमोर उभे राहून पाहुण्यांना सांगत होते, “बघा, किती स्वच्छ फोटो येतो आता! कुठून आला ते कोणाला ओळखूही येणार नाही.” ते हे अभिमानाने म्हणाले.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. काचेवर पेन आपटू नका, हे तर झालेच. पण कोणी तुमच्यापुढे एखादी गोष्ट खात्रीची म्हणून ठेवली, तर ती कोठून निघाली ते मावशीला विचारावे तसे विचारा. आणि वस्तूवर डाग दिसला म्हणून ती फेकण्याआधी, तो डाग कशाने पडला ते एकदा बघा.

काल जेवणाच्या सुट्टीत ताई अडगळीत आली. तिने ओढणीच्या टोकाने माझी काच पुसली आणि माझ्या रेघेवरून, मी विझलेलो असलो तरी बरोबर जागेवरून, बोट फिरवले. मग पर्समधून नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली काढत ती परत टेबलाशी गेली. इकडेतिकडे पाहून तिने नव्या मॉनिटरच्या काचेवर, उजव्या बाजूला, एक ठिपका दिला आणि फुंकर घालून वाळवला.

समोरून जाणाऱ्या शिपायाने विचारले, “ताई, हे काय हो?”

“काही नाही,” ताई म्हणाली. “साहेबांनी विचारलं तर सांगा, विशेष कॅमेऱ्याची खूण आहे.”