दोन तास उकळलेलं दूध

“किती वेळ उकळलंत?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“दोन तास. मंद आचेवर, स्वतः उभा राहून,” आजोबा म्हणाले. आवाजात अजून थोडी ऐट होती, आणि तिची त्यांची त्यांनाच लाज वाटली.

पलंगावर त्यांची पाच वर्षांची नात, ठमी, झोपली होती. ओठांची सूज उतरत आली होती. उशाशी तिची आई, म्हणजे आजोबांची मुलगी, बसली होती. ती वडिलांकडे बघत नव्हती.

निवृत्त होईपर्यंत आजोबांची एकतीस वर्षं दुधाच्या कारखान्यात दूध तापवण्यात गेली. काटा बहात्तर अंशांखाली आला की दूध पुढे सोडायचं नाही, एवढंच काम. पण अख्खं शहर आपल्या भरवशावर दूध पितं, हे ते कुणी न विचारताही सांगत. अशा माणसाच्या नातीला दूधच बाधावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. गेल्या महिन्यात याच दवाखान्यात ठमीला दूध घातलेलं बिस्किट खायला देऊन पाहिलं, तिला काही झालं नाही. बिस्किट चालेल, दूध अजिबात नको, असं बाईंनी दोनदा बजावलं होतं. आजोबांनी त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं. बिस्किटाच्या भट्टीच्या आचेनं निम्मं काम होत असेल, तर उरलेलं आपण करू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. आज मुलगी कामावर गेल्यावर त्यांनी पातेलं चढवलं आणि ठमीला एक चमचा पाजला. पाच मिनिटांत पोरीला श्वास घेता येईना. अशा वेळेसाठी कपाटात ठेवलेलं इंजेक्शन तिच्या मांडीत टोचलं तेही त्यांनीच.

बाई शांतपणे समजावत होत्या. उष्णतेनं जंतू मरतात, पण हा जंतू नाही, दुधातलंच प्रथिन आहे. नुसतं उकळून त्याचा दोष जात नाही. बिस्किटात ते पिठात मिसळून खरपूस भाजलं जातं, म्हणून हिला सोसतं.

“मग किती अंशांना जातं?” आजोबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

मुलगी पहिल्यांदाच बोलली. “बाबा, मला एक फोन करायचा होतात. मी नको म्हणाले असते, म्हणूनच नाही केलात ना?”

ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमीला दवाखान्यातून घरी सोडलं. खोलीच्या दाराशी तिनं हात पसरले. “आजोबा, कडेवर.”

मुलीनं तिला पटकन उचललं. “आजोबा दमलेत,” ती म्हणाली.

आपण दमलो, असं ते जन्मात कधी म्हणाले नव्हते.

“हो गं बाळा, दमलोय,” आजोबा म्हणाले, आणि ठमीच्या चपला हातात घेऊन दोघींच्या मागून जिना उतरू लागले.