मारू की सोडू

तामलवाडीच्या युवराजनं तीन दिवस गेममध्ये नुसती हमाली केली होती. दोनशे जडीबुट्या खुडल्या, तलवारीला धार लावली, पेट्या उघडून उघडून अंगठा सुजला. तेव्हा कुठं दरोडेखोर गुडघ्यावर आला आणि पडद्यावर प्रश्न उमटला: मारू की सोडू? युवराजनं त्याला सोडलं. तर गेममधल्या युवराजच्याच साथीदारानं मागून येऊन एका घावात दरोडेखोराचं मुंडकं उडवलं. युवराज पुन्हा खेळला. पुन्हा सोडलं, पुन्हा मुंडकं उडालं.

"मग इचारता कशाला, भाड्यांनो?" म्हणत त्यानं कंट्रोलर भिंतीवर आपटून फोडला.

"युवराज, बोकड धर," बाहेरून वडिलांनी, आण्णासाहेबांनी हाक मारली.

घरामागं म्हसोबापुढं बोकड बांधला होता. पाणी ओतल्यावर त्यानं अंग झाडलं की त्याचा होकार धरायचा आणि मगच कापायचा, अशी घरची रीत. तीन तांबे ओतले. बोकड ढिम्म.

"आण्णा, न्हाय म्हणतोय त्यो. सोडू का?"

"अंग झाडंपतुर वत."

युवराजनं चौथा तांबा ओतला. पाचवा ओतला. सहाव्याला बोकडानं अंग झाडलं. आण्णासाहेबांनी कोयता युवराजच्या हातात दिला.

युवराजनं मागून येऊन एका घावात बोकडाचं मुंडकं उडवलं.