रुचिरची हजेरी

"अनय?"

"हाजिर."

"मृण्मयी?"

"हाजिर, मॅडम."

विनोदिनीबाई तोंडपाठ नावं घेत होत्या. याच मुलांनी त्यांच्या बालवाडीत अ-आ गिरवलेलं, त्यांना रजिस्टर कशाला लागतंय? पुढचं नाव घेण्याआधी मात्र त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"रुचिर?"

सतरंजीवरची चुळबुळ थांबली. दाराकडून आवाज आला. घोगरा, पळत आल्यासारखा धाप लागलेला.

"हाऽजिर!"

एकाही मुलाने मान वळवली नाही. दारापाशी निहारिका भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिच्या शेजारी एका मुलापुरती जागा मोकळी होती. ती सोडायला मुलांना कुणीही सांगितलेलं नव्हतं.

रुचिर तिचा जुळा भाऊ. देवास गेटच्या मागे एका गल्लीत शिकवणीची खोली होती, गेल्या पावसाळ्यात तिचं छत खाली आलं. बाकीची मुलं हातपाय मोडून का होईना, बाहेर निघाली. रुचिर निघाला नाही. तेव्हापासून निहारिकाने तोंड मिटलं ते मिटलंच. तिच्या आईने, नंदाने, काय करायचं बाकी ठेवलं होतं? ताईत बांधला, नवस बोलली, हातापाया पडून मोठ्या दवाखान्यात नेलं. पोरगी हूं की चूं करेना.

मग एका संस्थेने या मुलांसाठी ही खोली भाड्याने घेतली. इंदूरचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, एरवी सगळा भार विनोदिनीबाईंवर. थोडंफार शिकवून त्यांना बसवलेलं: मुलांना खेळू द्या, चित्रं काढू द्या, खोदून खोदून विचारू नका. पण जन्म मास्तरकीत गेलेला. पहिल्याच दिवशी सवयीने हजेरी सुरू केली आणि जीभ जुन्या वाटेने घसरली. रुचिरचं नाव तोंडून गेलं. त्यांनी जीभ चावेपर्यंत दाराकडून उत्तर आलंसुद्धा.

त्या दिवशी सर्रकन काटा आला होता अंगावर. आवाज निहारिकाचाच, दुसऱ्या कुणाचा असणार? पण रुचिर कायम उशिरा यायचा आणि अस्साच दाराबाहेरून ओरडायचा.

"कोणाच्या का आवाजात बोलेना, बोलली तर सही," नंदा रडत म्हणाली होती. "मॅडम, त्याचं नाव घेणं बंद नका करू."

डॉक्टर म्हणाले, एकदम तोडू नका, पण खतपाणीही घालू नका, हळूहळू होईल. आता हळूहळू म्हटलं की महिने आले. आणि खोली तर उद्या बंद होणार होती.

"काकू, हे भलतंच आहे हं," मुलं गेल्यावर श्रीधर म्हणाला. संस्थेतर्फे तो सामान आवरायला आला होता. "माझे तर हातपाय गार पडले."

"माझे रोजच पडतात. खोली का बंद करताय, ते सांग."

"प्रोजेक्ट संपला, मी काय करू? तुमची ट्रेनिंग तर झालीच आहे. आता समाजाने सांभाळावं, असं वरचे म्हणतात."

"समाज म्हणजे कोण रे?"

श्रीधरने खेळण्यांच्या खोक्याला चिकटपट्टी लावली.

विनोदिनीबाईंनी कात्री त्याच्यापुढे सरकवली. कोणत्या तोंडाने बोलणार? त्यांनी स्वतःच पुण्याला लेकाकडे जायचं तिकीट काढून ठेवलं होतं. गुडघे बोलायला लागले होते. आणि खरं सांगायचं तर त्या आवाजाची त्यांना भीती वाटायची. घरी भांडी घासतानासुद्धा दाराकडे पाठ करवत नसे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मनाशी पक्कं केलं. आज ते नाव घ्यायचं नाही. आपल्यामागे ते घेणारं कुणी नाही, मग लेकराला त्यावर लटकत ठेवून जायचं कशाला?

"मृण्मयी?"

"हाजिर, मॅडम."

"निहारिका?"

उत्तर नाही. तिच्याकडून ते कधीच नसायचं. पण आज मुलं एकमेकांकडे बघू लागली. मध्ये एक नाव गळलं होतं.

निहारिका उठली. सतरंजीच्या कडेकडेने पुढे आली आणि विनोदिनीबाईंच्या खुर्चीशेजारी, मुलांकडे तोंड करून उभी राहिली.

"अनय?"

बारीक, गंजल्यासारखा आवाज. पण तिचा. तिचा स्वतःचा. विनोदिनीबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"हाजिर," अनय कसाबसा म्हणाला.

"मृण्मयी?"

"हाजिर."

"रुचिर?"

सगळी मुलं दाराकडे बघू लागली. विनोदिनीबाईंनीही तिकडे पाहिलं. निहारिका इथे होती, हाताच्या अंतरावर, ओठ घट्ट मिटून. आता तिकडून ओ आली तर? बाहेर एक रिक्षा गेली. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. पोर मान किंचित तिरकी करून ऐकत राहिली, ऐकतच राहिली.

"गैरहाजिर," ती म्हणाली.

मृण्मयी मुसमुसायला लागली. निहारिका तिचं रडणं होईपर्यंत थांबली, विनोदिनीबाई थांबायच्या तशीच.

"निहारिका? हाजिर."

मग ती खुर्चीकडे वळली.

"विनोदिनी मॅडम?"

"काकू, चावी देता का?" श्रीधर दारात येऊन हात पुढे करून उभा होता. "इंदूरची बस चुकेल माझी."

निहारिकाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती वाट बघत होती, भावाची पाहिली होती तशीच, मान किंचित तिरकी करून. उत्तर आलं नाही तर पुढचा शब्द कोणता, हे खोलीतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होतं. विनोदिनीबाईंनाही होतं.

त्यांनी चावी पदरात बांधली. आवाज फुटला तो घोगरा, धाप लागलेला.

"हाजिर," त्या म्हणाल्या.

मग गुडघ्यावर हात टेकत त्या उठल्या आणि दारापाशी, सतरंजीवरच्या त्या मोकळ्या जागेत जाऊन बसल्या.