फाटक उघडलं, पण…

थांबा! मी फाटक बोलतंय. आजवर ‘थांबा’ एवढंच म्हणायची मला परवानगी होती. आज मात्र मी सगळं बोलणार आहे.

नायजर नदीवरच्या पुलाच्या टोकाला मी उभं आहे. इथल्या गाया गावच्या लोहारानं विहिरीच्या जुन्या पाइपातून मला घडवलं. तेव्हा मी दिवसभर वरच असायचं. खाली कांदे विकणारी बिबाता बसायची, आणि पलीकडच्या देशातून तिचा मामेभाऊ सेयनी यायचा.

“काय गं गुलामाच्या पोरी, कुजके कांदे विकतेस?”

“आलास का मुडद्या! तुझ्या बापाला माझ्या आजोबांनी भोपळ्याच्या बदल्यात घेतलं होतं, विसरलास?”

आमच्याकडे आते-मामे भावंडं अशीच बोलतात. शिवी हाच त्यांचा नमस्कार. घरात कुणी गेलं, तर याच भावंडानं येऊन मढ्याची टिंगल करायची आणि रडणाऱ्यांना हसवायचं. तो त्याचा मान.

मग आमच्या राजधानीत फौजेनं गादी बळकावली. शेजारच्या देशांचा संघ खवळला. त्यानं सीमा बंद केली. आमचे फौजी म्हणाले, “चुलीत गेला तुमचा संघ!” आणि संघातून बाहेर पडले. पुढे संघानं आपली बाजू उघडली, तर आमच्यांनी मला कुलूप ठोकलं. भांडण मोठ्यांचं, आणि आडवं कोण पडलं? मी!

त्याच दिवसांत बिबाताचा थोरला भाऊ सुमाना वारला. सेयनी पूल ओलांडून माझ्यापर्यंत आला. मढ्याच्या टिंगलीचं सोंग घेऊनच: अंगात उलटा झगा, खांद्यावर मोडकी कुदळ.

“उघडा रे! तो मेलेला गुलाम माझा आहे. माझा हिशोब चुकवल्याशिवाय पुरू नका त्याला!” तो ओरडत होता आणि ढसाढसा रडत होता.

शिपाई इथलाच. त्याला सगळं कळत होतं. मेल्यानं मान खाली घातली, पण कुलूप काढलं नाही. सुमाना हसण्याशिवाय मातीत गेला. त्या दिवशी मला माझ्या लोखंडाची शिसारी आली.

गेल्या महिन्यात दोन्हीकडचे साहेब आले. मला रंग फासला, सतरंजी अंथरली, भाषणं झाली. संबंध म्हणे नव्यानं बांधायचे! मला वर उचललं आणि पहिला सेयनी धावत आला.

“काय गं गुलामाच्या पोरी, अजून कुजकेच कांदे?”

बिबातानं पदर सावरला. “या. आपण बरे आहात ना? घरची मंडळी खुशाल?”

सेयनीचा चेहरा पांढराफटक पडला. आणि संघाचा एक साहेब, दूर समुद्रकाठचा, इथली रीत न कळणारा, टाळ्या वाजवत म्हणाला, “पाहा, पाहा! किती हा आदर!”

अरे गाढवा! आदर नाही रे तो!

“बिबाता, अहो-जाहो नको गं,” सेयनी काकुळतीला आला. “शिवी दे. एक तरी दे.”

“पाहुण्यांना शिव्या देत नाहीत आमच्यात,” ती म्हणाली आणि कांदे निवडू लागली.

साहेब जेवायला गेले. सेयनी अजून रोज येतो, शिवी घालतो, आणि ती “बसा” म्हणते. मी वर आहे, दोरीनं बांधलेलं. पुन्हा कुणी मला खाली ओढायला आलं, तर आधी मला करवतीनं कापा, हात जोडून सांगतंय. आणि साहेब, मला उचलायला तुम्हाला दोन शिपाई पुरले. बिबाताच्या तोंडातलं ते ‘आपण’ आता कोण उचलणार?