पंधरवड्याचं वैधव्य

माझ्या आईला दर पंधरा दिवसांनी नव्यानं वैधव्य येत असे. नाना, म्हणजे माझे वडील, खरे तर एकदाच गेले, चौतीस साली. पण शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली म्हणून मी नगरहून नेवाशाला माहेरी आले, तेव्हा माझ्या भावानं त्यांच्या मरणाची बातमी आईला पुन्हा पुन्हा द्यायचा सपाटा लावला होता.

आईला विसर पडला होता. थोडाथोडका नाही, मधली बारा वर्षंच पुसली गेली होती. हातात पळी कशाला घेतली ते आठवत नसे, पण "हे जेवले का?" असं दिवसातून दहादा विचारी. शेजारच्या बायका दुपारी मुद्दाम यायच्या. "ओळखा पाहू, मी कोण?" म्हणायच्या आणि आई चाचपडली की तोंडाला पदर लावून हसायच्या. ज्या बाईनं यांची बाळंतपणं काढली, तिची ही तोंडी परीक्षा! किळस यायची मला.

पण त्यांना कोणत्या तोंडानं बोलू? पहिल्याच दिवशी मीही मास्तरणीच्या तोऱ्यात म्हटलं होतं, "आई, अगं नीट आठव. नाना नाहीत आता." तिच्या हातातला घास ताटात पडला. तासाभरानं नाना गेल्याचं ती विसरली, रडं मात्र उरलं. संध्याकाळपर्यंत मुसमुसत होती आणि कशासाठी, ते तिलाच सांगता येईना. त्या दिवशी माझी मलाच शिसारी आली.

वहिनी चार बुकंसुद्धा शिकलेली नाही, पण तिला पहिल्यापासून कळत होतं. आईनं विचारलं की ती म्हणे, "त्यांना आज काय करू जेवायला?" आई लगेच खुलायची. "भरलं वांगं कर. तिखट बेतानं घाल हो." मग तेल किती, कूट किती, सगळं बिनचूक. मी वहिनीकडून तेवढं शिकून घेतलं.

दादाला ते पसंत नव्हतं. यज्ञेश्वर माझा थोरला भाऊ, भिक्षुकी करायचा. "मी संध्या करणारा माणूस. जन्मदात्या आईशी खोटं बोलू?" असं त्याचं पालुपद. आणि श्रीमंत नावाचा आमचा न्हावी तर दर पंधरा दिवसांनी यायचाच. आमच्यात विधवेनं केस राखले तर तिच्या हातचं पाणी देवाला चालत नाही. म्हणून मागच्या अंगणात पाट मांडायचा, आईला बसवायचं आणि डोक्यावरून वस्तरा फिरवायचा.

मी आल्यावर ते पाहिलं. वस्तरा दिसताच आई उठू लागली. "कोण गेलं?" बाईच्या डोक्याला न्हावी कशाला येतो, तेवढं तिला पक्कं ठाऊक होतं. दादानं तिचे खांदे दाबले आणि घोकलेलं म्हणावं तसं म्हणाला, "नाना गेले, आई. बारा वर्षं झाली. किती वेळा सांगायचं?" तिनं फोडलेला हंबरडा अगदी ताजा होता. डोकं हललं, वस्तरा लागला. मानेवर रक्त आणि भिजलेले पांढरे केस एकात एक चिकटले. वर दादा खेकसला, "हलू नकोस." सख्ख्या भावाची इतकी घाण वाटू शकते, हे मला माहीत नव्हतं.

श्रीमंत वस्तरा पुसता पुसता पुटपुटला, "ताई, माजा हात चालत न्हाई आता. म्हातारीचं रडनं घरापत्तूर येतं माज्या मागं."

पुढची खेप यायच्या आदल्या दिवशी मी दादाला बजावलं, "उद्या तिला पाटावर बसवायचं नाही."

"आणि यजमानांना काय सांगू?"

"धर्म पाळायची एवढी हौस असेल तर स्वतःच्या डोक्यावर पाळ."

तो ताडकन उठून गेला.

दुसऱ्या दिवशी पाट मांडलेला होताच. श्रीमंताची धोकटी पाहून आईचा चेहरा वेडावाकडा झाला. "कोण गेलं?"

दादानं तोंड उघडलं. त्याच्या आधी मी म्हटलं, "कुणी नाही गं. श्रीमंत आलाय, दादाची हजामत करायला."

श्रीमंतानं क्षणही दवडला नाही. "व्हय जी. बसा की, भटजी."

दादा ढिम्म उभा. आई त्याच्याकडे बघत होती. "मग बस की, यज्ञा," ती म्हणाली. "हे यायच्या आत उरकून घे."

दादा बसला.

श्रीमंतानं गाल केले, हनुवटी केली. आई शेजारी टेकून दादाची मान धरून होती, लहानपणी धरायची तशी. वस्तरा वरच्या ओठाशी आला मात्र, ती कडाडली, "मेल्या, मिशीला काय हात लावतोस? वडील आहेत त्याचे!"

बाप असताना मुलानं मिशी काढायची नाही, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. दादाच्या ओठावर बारा वर्षं मिशी नव्हती, पंधरा दिवसांचे खुंट तेवढे होते. श्रीमंतानं हात आवरला आणि दादाकडे पाहिलं. आता हा सांगणार, असं मला वाटलं. त्याच्या तोंडावर थुंकायची माझी तयारी झाली होती.

"राहू दे, श्रीमंत," दादा म्हणाला. "नाना आहेत माझे."

आईनं पदरानं त्याचे गाल पुसले. पुसले तरी ते पुन्हा ओले होत होते, तेव्हा तिनं वाकून विचारलं, "लागलं का रे?"

"थोडंसं," दादा म्हणाला.