रस्त्यापलीकडचे चार

मित्रांनो, मी मोएनकोपी गावातलं एक जुनं घड्याळ आहे. या घरच्या हार्लनच्या वडिलांनी मला फ्लॅगस्टाफ शहरातल्या दुकानातून आणून या भिंतीवर लावलं. काच तडकली आहे, पण चाल अजून बरोबर आहे. तरी मार्च महिना मला नकोसा वाटतो.

अमेरिकेतल्या आमच्या अ‍ॅरिझोना राज्यात उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करत नाहीत. मात्र राज्यातल्याच नवाहो जमातीच्या मुलखात करतात. आम्ही होपी जमातीचे लोक त्यांच्या मधोमध राहतो आणि करत नाही. त्यामुळे उन्हाळाभर रस्त्याच्या अलीकडे तीन वाजतात, तेव्हा पलीकडे नवाहोंच्या ट्यूबा सिटीत चार झालेले असतात. मोबाइल कधी ही वेळ दाखवतो, कधी ती. म्हणून घरात सगळे माझ्याकडेच बघत. मला त्याचा केवढा अभिमान होता!

हार्लनने पलीकडच्या आर्लीनशी लग्न केलं. तीही माझ्याकडेच बघू लागली. तिची आई चिडवायची, "नवरा त्यांचा केलास तो केलास, वेळही त्यांचीच घेतलीस का गं?"

एका ऑगस्टमध्ये हार्लन कोरड्या ओढ्याकाठी मका खुरपायला गेला होता. तिथे फोन लागत नाही. उत्तरेला आभाळ काळंकुट्ट झालं. आर्लीनचे हात पिठात होते, म्हणून आईचा फोन आला तो तिने स्पीकरवर घेतला.

"अगं, रेडिओवर सांगतायत, चारपर्यंत ओढ्याला लोंढा येणार. जावईबापूंना वर बोलाव!"

आर्लीनने माझ्याकडे पाहिलं. अडीच वाजले होते. "खूप वेळ आहे, आई. साडेतीनला येतोच तो."

अरे देवा, तो रेडिओ पलीकडचा होता! त्याचे चार म्हणजे माझे तीन. मला ओरडावंसं वाटलं, पण टिकटिकीपलीकडे मला काय येतं? ती निवांत पीठ मळत राहिली. माझा काटा पुढे सरकत होता आणि मला वाटत होतं, हार्लनला मीच मारतोय.

पुन्हा फोन वाजला. "आले का गं ते? चार वाजत आले की!"

"काहीतरीच काय? अजून तीनसुद्धा..." आर्लीन थबकली. "आई, कुणाचे चार?"

"कुणाचे म्हणजे? आपले!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. पिठाच्या हातांनीच ती धावली. गाडी सुरू झाली, मग हॉर्न ऐकू आला, सतत, लांब लांब जाणारा. मग जमिनीतून गडगडाट आला. माझी भिंत थरथरली आणि हॉर्न बंद झाला.

मी तीन दाखवले. सव्वातीन दाखवले. कुणीच येईना. घड्याळाला डोळे मिटता येत नाहीत, मित्रांनो.

अखेर दार उघडलं. दोघंही चिखलाने माखली होती. हार्लनच्या पायात एकच बूट होता.

"सगळा मका गेला," तो पुटपुटला.

"मसणात जाऊ दे तुझा मका!" असं म्हणून ती त्याच्या गळ्यात पडली आणि हमसाहमशी रडली. मग तिने वर माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईने आपल्या स्वयंपाकघरातलं घड्याळ आणून माझ्या शेजारी टांगलं. "आता दोघांकडे बघत जा, बाई," ती म्हणाली. या वेळी ती चिडवत नव्हती.

हिवाळाभर आम्ही दोघं एकच वेळ दाखवतो आणि मला बरं वाटतं. मार्चमधल्या एका रविवारी आर्लीन शेजारचे काटे पुढे करते आणि माझी धडधड पुन्हा सुरू होते. मित्रांनो, आम्हाला चावी द्या, आमची धूळ पुसा. पण कुणी चार वाजता म्हटलं, तर न लाजता विचारा, कुठले चार? मला विचारता येत नाही.